दादांचं बिननावाचं शहर

मला कुणी काही सांगायला लागलं की मी आधी त्याच्या हाताकडं बघते, तोंडाकडं नंतर. सूनबाई म्हणते, आई, तुम्ही डॉक्टरकडंसुद्धा असंच बघता. बघते, मग? दूधवाला म्हशीचं दूध म्हणून शपथ घेतो, तरी मी बोट बुडवल्याशिवाय पातेलं पुढं करत नाही. इथं लातुरात उद्या पाणी येणार असं कुणी सांगितलं तर मी आधी घरातलं पाणी झाकून ठेवते, आनंद नंतर. समोरच्या फ्लॅटात क्लासची पोरं राहतात, ती सांगतात, आजी, आम्ही दिवसभर अभ्यासच करतो. करा बापांनो, माझं काय जातंय. हा स्वभाव काही आभाळातून पडला नाही. तो माहेरचा आहे, आणि दोन्ही अंगांनी आला आहे. माझे वडील बैलांचे दलाल आणि माय दलालाची लेक. अशा घरात पोर जन्मली की गोड बोलणाऱ्यापासून चार हात लांब राहायचं हे तिला पाळण्यातच कळतं.

बैलबाजारात तोंडानं जे बोललं जातं ते सगळं खोटं असतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्याचा कुणी राग धरत नाही. विकणारा पोराबाळांच्या शपथा घेतो, घेणारा चार वेळा उठून निघून जायचं सोंग करतो, मधला दलाल दोघांच्या हनुवटीला हात लावतो. खरा सौदा दस्तीखाली, म्हणजे रुमालाखाली, होतो. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, वरून खांद्यावरची दस्ती टाकायची आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन. बघणाऱ्याला दिसतं काय, तर दोन माणसं हातात हात घालून भलतीकडंच बघत बसलेली. पण दस्तीखाली दाबलेलं बोट परत घेता येत नाही. तिथं जो फिरला त्याला पुन्हा कुठल्या बाजारात कुणी हात देत नसे. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, सांगायचे की देवानं तोंड भाकरीसाठी दिलंय, बोलायला हात दिलाय. आणि माय मान हलवायची. त्या दोघांचं एकमत होतं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

आमचं घर जुन्या नांदेडात, गोदावरीकडं उतरत जाणाऱ्या गल्लीत. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन वाऱ्यावर यायचं, त्यामागं मशिदीतली बांग, आणि उजाडलं की शेजारच्या अंगणातली हातोडी. ती खैरूनखालाच्या नवऱ्याची. तो बैलांच्या खुरांना पत्री, म्हणजे लोखंडी नाल, मारायचा. बैल आडवा पाडून पाय बांधले की तो जो लांब श्वास टाकतो, तो मला अजून ऐकू येतो. खाला आणि माय यांच्यामध्ये एक बुटकी भिंत होती आणि तिच्यावरून दिवसभर काहीतरी इकडून तिकडं जायचं, कधी विस्तव, कधी विरजण, आणि गल्लीतल्या एकूण एक बाईविषयीचे अंदाज. मायचा हात कडक होता. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाचं तिखट आणि उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी, एवढ्यावर तिनं संसार केला. दादा बाजाराहून यायच्या दिवशी मात्र मुरमुऱ्यांची सुशीला व्हायची. भिजवलेल्या मुरमुऱ्यांवर मिरचीची फोडणी पडली की मी आणि धाकटी सुमी कढईपाशी जाऊन बसायचो, आणि माय म्हणायची, आधी बाप, मग बोकं.

दादा देवणीच्या बाजारात जायचे. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला तिकडचा बैल तेव्हा आमच्या भागात फार मागायचे. जाताना लातूर, येताना लातूर, आणि घरी यायला कधी दोन मुक्काम तर कधी जास्त. आले की अंघोळ, जेवण, मग भिंतीला पाठ लावून पान जमवायचे, आणि आम्ही दोघी बहिणी त्यांच्या दोन्ही मांड्यांवर ओणव्या. मग ते त्या शहराचं सांगायला लागायचे. ते शहर कुठं आहे, तर देवणीच्या पुढं. नाव काय, तर नाव नाही. नाव ठेवलं की लोक पत्ता विचारत येत्यात, म्हणायचे, आणि पत्ता विचारत निघालेला माणूस तिथं पोचत नाही. दादा चार बुकंही शिकलेले नव्हते. हे सगळं त्यांच्या डोक्यात कुठून आलं, कुणास ठाऊक. पुढं मी शिकले सवरले, शहाण्या माणसांनी मनानं रचलेल्या नगरांविषयी वाचलं, तिथले राजे कसे, कायदे कसे, आणि प्रत्येक वेळी वाटलं, आमच्या दादांचं ह्याच्याहून बरं होतं.

त्या शहरात खोटं बोलणाऱ्याला शिक्षा नव्हती. लोक त्याला फक्त खरं मानायचे. एखादा कामचुकार म्हणाला पोट दुखतंय, की त्याला मूठभर औषधं आणि कडू काढा, तो बरा झालो म्हणेपर्यंत. एकजण म्हणाला मी राजा आहे. त्याला उंच बसवलं आणि गावातली सगळी भांडणं त्याच्यापुढं आणून टाकली, जेवायलाही उठू देईनात. शेवटी तो हात जोडून म्हणाला, बाबांनो, मी परीट आहे, मला घाटावर जाऊ द्या. तर तेही खरं मानलं आणि धुणं काढून दिलं. बैल विकणारा तिथं आधी खोड सांगायचा आणि घेणारा आधी आपली नड सांगायचा. शपथ कुणी घेत नसे, कारण शपथ घेतली की लोक घाबरायचे, की ह्याच्याकडं दुसरंही काही बोलायचं होतं वाटतं. आणि चौकात एक म्हातारा बसवलेला होता. ज्याचं उत्तर कुणालाच येत नाही ते त्याला विचारायचं आणि त्यानं "मला माहीत नाही" म्हणायचं. गावातलं सगळ्यांत मानाचं काम ते. सुमीला मोठेपणी तीच नोकरी हवी होती.

मी तेव्हाही वाकड्यात शिरणारी. मी विचारलं, कुणी येऊन म्हणालं की ह्या गावात सगळे खोटारडे आहेत, तर? त्यालाही खरं मानायचं का? दादा पानाची शीर काढत होते. त्यांचा हात थांबला.

"मानायचं," म्हणाले. "आन मग ते गाव राहत न्हाई."

माय हे सगळं आमच्याकडं पाठ करून, भांडी घासता घासता ऐकायची. हसायची नाही, हुंकार द्यायची नाही. तिचा घात केला तो चटणीनं. एकदा दादा सांगत होते की त्या शहरात दारावरून जाणाऱ्याला कुणीही "ऊटा आयतू?" म्हणून हाक मारतं. कानडीत, म्हणजे जेवलास का. नाही म्हटलं की बसवून घेतात आणि भाकरीवर कारळाची काळी चटणी घालतात, तिच्यात बोटानं खळगा करून वर तेल. हे सांगताना दादांनी बोटं अशी चोळली, जणू ती चटणी त्यांच्या बोटाला लागलेलीच होती. मायचा घासणारा हात थांबला, हे माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी ती खालाला म्हणाली, "मानूस सपनात देव बघंल, हत्ती बघंल. चटनी कोन बघतंय? चटनी खाल्ल्याबिगर सांगता येत न्हाई."

तिथून पुढं आमच्या घरात जे घडेल ते पुरावा झालं. दादांनी शेंगदाण्याची चटणी न खाता ताटात ठेवली, पुरावा. झोपेत हसले, पुरावा. एकदा सदऱ्याचं बटण काळ्या दोऱ्यानं लावलेलं निघालं. आमच्या घरात पांढराच दोरा. दादा म्हणाले, बाजारात मीच लावलं. मायनं ते बटण उलटंपालटं करून बघितलं आणि एवढंच म्हणाली की टाका लई सरळ हाय. खरं सांगायचं तर त्या काळ्या दोऱ्याचं मलाही अजून उमगलेलं नाही. शहर कानडी कसं बोलतं, त्याला नाव का नाही, तिथं सगळे आनंदात का असतात, ह्या सगळ्याचं मायजवळ एकच उत्तर होतं. तिथं एक घर आहे, घरात एक बाई आहे, आणि हा माणूस पोरींच्या तोंडावर तिचं कौतुक सांगून राहिला. मी एकदा म्हणाले, अगं, ती गोष्ट आहे. तर तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच त्या बाईच्या घरी जेवून आले आहे.

ती अशी का झाली होती हे मला खालानं सांगितलं. माझे आजोबा, मायचे वडील, ते वारले तेव्हा दारात एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली, काखेत पोर आणि बोटाला पोर. कुणी काही विचारायच्या आत ती प्रेताच्या पायावर पडून रडायला लागली. आजीनं तोवर जन्मभर नवऱ्याची वाट बघितली होती, बाजार लांबला असेल म्हणून. माय तेव्हा माझ्या त्या वेळच्या वयाची. खाला म्हणाली, तेरी मां ने वो औरत का रोना सुना है बेटा, अब उसकू हर जागा वहीच सुनाई देता. मला तेव्हा राग आला होता, खालाचा नाही, आजोबांचा. मेलेल्या माणसावर राग काढता येत नाही, म्हणून तो घरात तसाच फिरत राहतो.

एका बाजाराला दादा आदल्या दिवशी गेले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच माय मला म्हणाली, चल. सुमीला खालाकडं ठेवलं. बांधून घेतलेले धपाटे आणि पितळी तांब्या, बस्स. एसटीनं लोहा, अहमदपूर करत लातूर. माय खिडकीला बसली होती पण बाहेर बघत नव्हती. लातूरच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. तिथं ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड निरखत उभी राहिली, एकीनं तर विचारलंसुद्धा, काय गं, ओळखतीस का मला. लातूर मला पहिल्यांदा दिसलं ते असं, मायच्या संशयातून, आणि आता म्हातारपणी त्याच शहरात फ्लॅट घेऊन बसले आहे. अजून त्या स्टँडवरून जाताना मी बायकांची तोंडं बघते. सवय लागली ती लागली.

देवणीत उतरलो तेव्हा बाजार ऐन भरात होता. घुंगरं, धूळ, शेणाचा उबारा, आणि चहूबाजूंनी शपथा. आम्ही एका गाडीच्या आडोशाला उभ्या राहिलो. दादा दिसले. एका फेटेवाल्या कानडी शेतकऱ्याचा हात दस्तीखाली धरून बसले होते आणि तो माणूस तोंडानं दादांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. दादाही कमी नव्हते. शेवटी दस्ती निघाली, बैलाचा कासरा तिसऱ्याच्या हातात गेला, सौदा झाला. मग उन्हं माथ्यावर आली आणि बघता बघता बाजाराचा आवाज खाली बसला. जो तो बाभळीच्या सावलीला जाऊन गठुडी सोडायला लागला. तो फेटेवाला दादांना हाक मारून म्हणाला, ऊटा आयतू? दादा त्याच्याजवळ बसले. त्यानं भाकरीवर काळी चटणी घातली, बोटानं खळगा केला, तेल ओतलं. आणि खाता खाता हसत, नुकत्याच विकलेल्या बैलाकडं बोट करून म्हणाला की तो पाण्यात बसतो बरं का. ज्यानं घेतला तोही तिथंच बसला होता. तो म्हणाला, मला ठावं हाय, माझ्या शेताला पानीच न्हाई. सगळे हसले. सकाळभर ज्यांनी एकमेकांना फसवलं, ते एकमेकांच्या भाकरी मोडून खात होते आणि ज्याची त्याची खोड सांगत होते. हेच ते. दादांचं शहर हेच होतं, बाजाराची ती दुपार. जेवणं उरकली की मोडणार होतं ते.

मी मायचा हात ओढला. तिला सांगणार होते. पण माय बाई शोधत होती, आणि बाई दिसत नाही म्हणजे ती लपवली आहे, इथवर ती आली होती. ती हात सोडवून सरळ त्या घोळक्यात गेली. दादांचा घास हातातच राहिला. माय त्यांच्यासमोर मातीत बसली. तिनं उजवा हात पुढं केला आणि त्यावर आपला पदर टाकला, दस्ती टाकतात तसा. बाजारात बाईनं असं केलेलं कुणी कधी बघितलं नसेल. चघळणारी तोंडं थांबली.

दादा म्हणाले, "रुकीची माय, हे काय?"

"तोंडानं नगं," माय म्हणाली. "तोंडानं हितं समदेच बोलतेत. त्या घरात किती जनं हायत, ते हितं सांगा."

दादांनी हात धोतराला पुसला आणि पदराखाली घातला. मी जवळच होते. मी त्या पदराकडं डोळे लावून बसले. पदर हलला नाही. एकही बोट दाबलं गेलं नाही. दादांनी तिचा हात नुसता धरून ठेवला होता. माय वाट बघत राहिली. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तेही मायनं बघितलं, आणि मला वाटतं तिथंच तिचा निकाल झाला. तिनं हात काढून घेतला, पदर झटकला आणि म्हणाली, उठ रुके.

आता ह्या वयात मी हातांचा तो खेळ हजार वेळा मनात मांडून बघितला आहे. एकाला खूण आहे, दोनाला आहे, पाचाला आहे. काहीच नाही, ह्याला नाही. असणार कशी? बैलाला शून्य सांगायला कुणी हात धरतं का? बोट न दाबता हात धरून बसणं म्हणजे दलालांच्या हिशेबात एकच, माणूस आकडा लपवतोय. मायनं ज्या भाषेत खोटं बोलता येत नाही ती निवडली, आणि त्या भाषेत तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर देता येत नव्हतं. दादा तोंडानं म्हणाले. आम्ही चालायला लागल्यावर मागून म्हणाले, "कुनी न्हाई गं." पण ते तोंडानं होतं, आणि बाजारात.

परतीच्या गाडीत मी मायला सगळं सांगितलं, फेटेवाला, चटणी, पाण्यात बसणारा बैल. ती म्हणाली, तू बापाची हायस. दादा घरी आले तेव्हा सुशीला झाली नाही. जेवण झाल्यावर सुमी त्यांच्या मांडीवर चढली आणि शहर सांगा म्हणाली. दादा तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, ते गाव उठलं. पुन्हा त्यांनी ते कधी सांगितलं नाही. मी रागावले होते दोघांवरही, एकीवर न ऐकल्याबद्दल आणि एकावर इतक्या लवकर गप्प बसल्याबद्दल. भांडायचं होतंत ना, दादा. बाजारात सात पिढ्या काढणारा माणूस घरात एक शब्द वाढवत नाही, ही कसली रीत.

त्यानंतरही त्यांचा संसार झालाच. माय त्यांना ताट वाढायची, आजारात पाय चेपायची, आणि बाजाराहून आले की सदरा धुवायच्या आधी हुंगायची. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, दादांचं जाणं बंद झालं. तरी दारात पोस्टमन उभा राहिला की ती माझ्याआधी उठायची. मी लग्न होऊन लातुरात आले तेव्हा निघताना तिनं माझ्या कानात सांगितलं ते आशीर्वाद नव्हता. म्हणाली, तिकडं हायसच, तर जरा नजर ठिव.

दादा म्हातारे होऊन, घरच्या घरी गेले. मी आले तेव्हा माय कोरड्या डोळ्यांनी उंबऱ्यात बसलेली होती. मला वाटलं धक्का बसलाय. तसं नव्हतं. ती वाट बघत होती. फडताळात एक नवं लुगडं तिनं घडी घालून ठेवलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ती आली तर तिला वाकडं बोलू नगंस. आधी पानी दे. पोरं असतील तर त्यांनला खाऊ घाल." गल्लीत कुणी अनोळखी बाई दिसली की विचारायची, ही कोन? कुणाची तरी मावशी निघायची, कुणाची विहीण निघायची. माय पुन्हा रस्त्याकडं बघायची. माती झाली, दहावं झालं, तेरावं झालं. पाहुणे गेले. खालानं चहा आणून दिला, तो तसाच गार झाला.

उन्हं कलायला लागली तेव्हा ती म्हणाली, "कुनी आलं न्हाई गं रुके."

मला आधी वाटलं, तिला बरं वाटलं असेल. इतकी वर्षं जे ओझं वाहिलं ते उतरलं. आणि मग माझी माय रडायला लागली. प्रेताजवळ रडली नव्हती ती आता उंबऱ्यावर कपाळ टेकून असं रडली की खाला भिंतीपलीकडून धावत आली. कुनी न्हाई गं, कुनीच न्हाई, एवढंच म्हणत होती. दादा जे तोंडानं म्हणाले होते, तेच. मी तिला धरून बसले. काय सांगणार होते? माय, मी म्हटलं होतं तुला? ते बोलण्यात आता काही राम नव्हता.

रडणं ओसरल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "त्या गावाचं काय सांगायचे गं ते? मी भांडी घासायची, नीट ऐकलंच न्हाई."

मी सांगायला लागले. राजा झालेला परीट सांगितला, कडू काढा सांगितला, चौकातला म्हातारा सांगितला. ती "आन मग?" म्हणायची. मला आठवत होतं ते लवकरच संपलं. मग मी माझ्या मनानं रचत गेले, गल्ल्या, घरं, नदी, बायका, त्यांची नावं. मी कधी अडखळले, कधी आधीच्याशी न जुळणारं बोलून गेले. माय ऐकत होती. खरं का, असं तिनं एकदाही विचारलं नाही.